काचेतला समुद्र आणि बारा गोगलगाई

लंडनला लेकीकडे सहा महिने राहून आले असे सांगितले, की लोक विचारतात, राजवाडा पाहिलात का, ते मोठे घड्याळ पाहिलेत का. पाहिले, सगळे पाहिले. पण खरे सांगायचे तर त्या सहा महिन्यांतला माझा पुष्कळसा वेळ एका काचेच्या पेटीपुढे, हातात दात घासायचा जुना ब्रश घेऊन गेला. हे मी इतके दिवस कुणाला सांगितले नव्हते. दिवाळी अंकाच्या निमित्ताने सांगून टाकते; कारण त्या ब्रशापासून निघाले ते एका इतिहासापर्यंत जाऊन पोचले, आणि पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवूनही तो मला ठाऊक नव्हता.

माझ्या जावयांना पोवळी पाळायचा छंद आहे. पोवळे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अंगठीतला तांबडा खडा येतो. पण तो झाला पोवळ्याचा सांगाडा; जिवंत पोवळे म्हणजे प्राण्यांची वसाहत. चण्याच्या डाळीएवढा एकेक जीव, त्याला इवले इवले हात, आणि सर्वांनी मिळून चुन्याचे बांधलेले घर. जावयांच्या बैठकीच्या खोलीत चार फूट लांबीच्या काचेच्या टाकीत खारे पाणी भरलेले असे. त्यात सात मासे आणि पोवळ्यांची पंधरा-वीस कलमे होती. कलमे हा शब्द मी वापरला तेव्हा नातवाला गंमत वाटली. पण आंब्याचे कलम करतात तसेच पोवळ्याची फांदी तोडून दुसऱ्या दगडावर चिकटवली की ती तिथे वाढते, आणि अशी वाढवलेली कलमे तिकडे दुकानात विकत मिळतात. (आपल्याकडे हा छंद करू जाल तर पंचाईत होईल. मालवणच्या समुद्रात पोवळी आहेत. परंतु 2001 पासून वन्यजीव कायद्याने पोवळ्याला वाघाच्या पंक्तीला बसवले आहे.)

लेक आणि जावई सकाळी कामावर जात, नातू शाळेत जाई. मग त्या घरात मी आणि ते सात मासे. मी काचेजवळ गेले की सातही जण धावत पुढे येत. बोलून चालून मी आजी! डबा जवळच असे. चिमूटभर घालायचे, ते खायचे, पुन्हा काचेशी येऊन माझ्याकडे बघायचे. टाकीतले पाणी उन्हाने आणि दिव्याने आटे, तेव्हा स्वयंपाकघरातल्या नळाचे दोन तांबे भरून मी तेही घालत असे. कुणाला त्रास नको, एवढाच हेतू.

तिसऱ्या आठवड्यात दगडांवर हिरवी लव दिसू लागली. मला ती सुंदर वाटली. पावसाळ्यात आमच्या गावी चिऱ्यांच्या गडग्यावर येते तशी. सहाव्या आठवड्यात तिचे केस झाले. बोटभर लांब हिरवे केस पाण्यात डुलत होते, आणि त्यांच्या खाली पोवळी मिटून बसली होती. एका जांभळ्या फांदीचे टोक पांढरे पडले. जावई गुडघे टेकून बराच वेळ पाहत राहिले. मग उठून मला म्हणाले, “आई, तुम्ही माशांना दिवसातून किती वेळा घालता?”

“भूक लागली की.”

“कुणाला?”

ह्याला मजजवळ उत्तर नव्हते.

माणूस भला. रागावले नाहीत; कागदावर चित्र काढून समजावून दिले. माशाच्या पोटात गेलेले आणि न खाता खाली पडलेले, सर्वांचे शेवटी खत होते. नायट्रेट आणि फॉस्फेट. नळाच्या पाण्यात तेच असते. इंग्लंडच्या शेतांतले खत नद्यांत उतरते, आणि जुन्या शिशाच्या नळ्यांतले शिसे पाण्यात विरघळू नये म्हणून फॉस्फेट तर तिकडे मुद्दाम घालतात. माणसाला ते बाधत नाही. पण टाकीतून उडून जाते ते नुसते पाणी. त्यातले क्षार मागेच राहतात, आणि माझ्या तांब्यागणिक साठत जातात. पोवळ्याचा समुद्र हा स्वच्छ, उपाशी समुद्र असतो. त्यात मी दिवाळीचा फराळ मांडला होता.

दुसऱ्या दिवसापासून ब्रश घेऊन बसले. रोज तासभर दगड घासायचे, सुटलेले केस नळीने ओढून घ्यायचे, चार दिवसांत पुन्हा तेच. आणि ज्याला इतिहास शिकवायची खोड लागली त्याचे जे होते ते माझे झाले. घासता घासता मनात आले, हे शेवाळ आधी कुणी घासले असेल? गल्लीच्या टोकाला सार्वजनिक वाचनालय होते. तिथल्या बाईंना विचारले, तर त्यांनी माझ्यापुढे पुस्तकांचा ढीगच आणून ठेवला. आणि त्यातून कळले, की ह्या कथेची सुरुवात मी बसले होते त्याच शहरात झाली आहे, आणि तीही पोवळ्यापासूनच.

1846 सालचा उन्हाळा. ॲना थिन नावाच्या बाई टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेल्या होत्या. त्यांचे यजमान वेस्टमिन्स्टर ॲबेतले मोठे धर्माधिकारी. बाईंना दगडधोंड्यांचे, भूगर्भाचे वेड. इंग्लंडच्या थंड समुद्रातही एका जातीचे पोवळे होते. वसाहत करीत नाही, एकटेच राहते, सुपारीएवढी वाटी. बाईंनी खडकावरची अशी काही पोवळी दगडी बरणीत घातली आणि लंडनला घरी आणली. हलवताना इजा होऊ नये म्हणून ती मोठ्या स्पंजाला सुईदोऱ्याने टाचून ठेवली होती! हे वाचले तेव्हा बाई मला आपल्या वाटल्या.

आता लंडनला समुद्र कुठला? ताजे पाणी रोज येणार कसे? तेव्हा बाईंनी असे ठरवले, की आहे तेच पाणी उघड्या खिडकीपुढे एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचे, पुन्हा ह्यातून त्यात, अर्धा-पाऊण तास. पाण्यात हवा मिसळली की पोवळी जगत. पुढल्या वर्षी, 1847 च्या वसंतात, त्यांनी त्याच पाण्यात समुद्रातल्या वनस्पती घातल्या, म्हणजे प्राण्याचा श्वास वनस्पतीला आणि वनस्पतीचा प्राण्याला. जगातली पहिली टिकलेली खाऱ्या पाण्याची घरगुती टाकी ही, असे आता पुष्कळजण मानतात.

पण ते पाणी ओतत कोण होते? बाईंनीच लिहून ठेवले आहे. काम दमवणारे होते खरे. पण घरात एक लहान मोलकरीण होती, ती मर्जी राखणारी, आणि तिला ह्यात गंमतच वाटे. तिला गंमत वाटे की नाही हे तिला कुणी विचारले होते, देव जाणे. त्या मुलीचे नाव कुठेच नाही. बाईंनी आपला वृत्तांत छापला तो 1859 मध्ये, तोवर त्यांचेही नाव मागे पडले होते. मग मोलकरणीचे कोण घेतो? मला मात्र ब्रश हातात असल्यामुळे त्या पोरीचे खांदे दुखत असतील हे नीट कळत होते.

ज्यांचे नाव झाले ते रॉबर्ट वॉरिंग्टन. हे रसायनशास्त्रज्ञ; लंडनच्या अपॉथिकरीज हॉलमध्ये, म्हणजे औषधे करणाऱ्यांच्या जुन्या संस्थेत, कामाला. 1849 मध्ये त्यांनी बारा गॅलनांचे काचपात्र घेतले, तळाशी वाळू व चिखल, वर गोडे पाणी, दोन सोनेरी मासे आणि एक पाणवनस्पती. हिशेब कागदावर चोख होता. मासा हवा दूषित करणार, झाड ती शुद्ध करणार. काही दिवस ठीक चालले. मग झाडाची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला. माझी टाकी, दुसरे काय!

इथे दुसरा कुणी असता तर त्याने पात्र घासून पुन्हा भरले असते. वॉरिंग्टननी तळ्याकडे पाहिले. तळ्यात पाने कुजत नाहीत का? मग तिथे ती कोण खाते? त्यांनी तळ्यातल्या पाच-सहा गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली, हिरवा थर खाल्ला, पाणी निवळले; आणि वर त्यांनी घातलेली अंडी माशांना खाऊ झाली. 1850 च्या मार्चमध्ये वॉरिंग्टननी हे सर्व तिथल्या केमिकल सोसायटीपुढे वाचून दाखवले. मोठमोठ्या रसायनज्ञांच्या सभेत गोगलगाईचा गौरव झाला असेल तर तो तेवढाच असावा. दोन वर्षांनी ते खाऱ्या पाण्याकडे वळले, तिथेही खडकावरच्या गोगलगाई त्यांनी ह्याच चाकरीला ठेवल्या. शिवाय उजेड चोहोकडून आला तर शेवाळ माजते हे पाहून त्यांनी मागची बाजू तिरपी केलेली अशी टाकी काढली, की उजेड वरूनच यावा, समुद्रात येतो तसा.

ह्यानंतर जे झाले त्याला खूळ हाच शब्द. 1845 मध्ये काचेवरचा कर उठला होता, काच स्वस्त झाली होती. 1853 मध्ये रीजंट्स पार्कच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. पुढल्या वर्षी फिलिप हेन्री गॉस ह्यांचे “द ॲक्वेरियम” हे सुरेख चित्रांचे पुस्तक आले, आणि तोच शब्द आज आपल्या तोंडी आहे. त्याच वर्षी गॉसनी चार क्षार मिसळून समुद्राचे पाणी घरी करण्याची कृतीही छापली. जावई बादलीत पूड घालून ढवळतात तिची ही पणजी. मग काय विचारता? दिवाणखान्या-दिवाणखान्यात समुद्र आले. हौशी लोक आगगाडीने किनाऱ्यावर जात आणि खडपातल्या डबक्यांतून हाताला लागेल ते बरण्यांत भरून आणीत. गॉस ह्यांच्या मुलाने 1907 मध्ये आपल्या वडिलांच्या आठवणी लिहिल्या, त्यांत हे दुःख मोठे आहे, की वडिलांनी ज्या किनाऱ्यांचे वर्णन केले ते त्या वर्णनामुळेच लुटले गेले. घरोघरच्या टाक्याही फार टिकल्या नाहीत. खिडकीत ठेवायच्या, रोज प्रेमाने खायला घालायचे, दोन महिन्यांत हिरवे पाणी. लंडनमधल्या त्या सगळ्या बायांना माझा नमस्कार.

हिरव्या पाण्याची एक वेगळी युक्ती विल्यम आल्फर्ड लॉइड ह्यांनी शोधली. हे मूळचे साधे दुकानदार; समुद्राचे जीव आणि समुद्राचे पाणी विकीत. पाणी अंधारात ठेवले की त्यातली हिरवळ मरते व ते पुन्हा स्वच्छ होते, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून त्यांनी 1864 मध्ये हँबुर्गला आणि 1871 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला मत्स्यालये केली, ती अशी, की लोकांना दिसणाऱ्या टाक्या वर, आणि खाली अंधारात त्यांच्या कितीतरी पट मोठा हौद. पाणी सदा वरखाली फिरते आहे. म्हणजे दिसणारा समुद्र थोडा, न दिसणारा फार.

आमच्या मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये उघडले. लहानपणी मी रत्नागिरीहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरून ते पाहायला गेले होते. मासे पुष्कळ असतील. मला आठवतो तो एका टाकीत वरून काठी घालून काचेचा हिरवा थर पुसणारा हात. फक्त हात दिसत होता, मनगटाला काळा दोरा बांधलेला.

ह्या सर्वांत एक गोष्ट तशीच राहिली होती. उष्ण समुद्रातले, रंगीत, वसाहत करणारे पोवळे कुणालाही काचेत जगवता येत नव्हते. 1956 मध्ये रने काताला ह्यांनी न्यू कॅलेडोनियात, नुमेआ येथे, पोवळ्यांचे मत्स्यालय उघडले. पण तिथे दाराशीच समुद्र, पाणी सरळ आत घ्यायचे नि बाहेर सोडायचे. खरी हिंमत केली ती जाकार्ताच्या ली चिन एंग नावाच्या गृहस्थांनी. 1961 मध्ये त्यांनी एका अमेरिकन मासिकात आपली रीत छापली. यंत्रे नाहीत, गाळण्या नाहीत. समुद्रातले दगड, त्यांवरचे किडेकिरकिरे, गोगलगाई, जंतू, सगळे जसेच्या तसे उचलून टाकीत ठेवायचे. वरून ऊन, आणि नळीतून हवेचे बुडबुडे. बुडबुडे म्हणजे थिनबाईंची ती मोलकरीण, फक्त न दमणारी. ज्यांनी ते करून पाहिले त्यांतल्या पुष्कळांचे बिघडले, कारण जाकार्ताचे ऊन आणि रोजचा ताजा समुद्र त्यांच्याकडे नव्हता. पण दगड जिवंत असला पाहिजे, हे सूत्र तिथून आले. पुढे सत्तरीच्या दशकात युरोपात पेटर विल्केन्सनी पाण्यात चुन्याची निवळी थेंबथेंब घालून पोवळ्याला घर बांधायला चुना पुरवला, आणि फेस काढणाऱ्या नळकांड्यांनी घाण कुजण्याआधीच बाहेर काढायची चाल पडली. बर्लिनच्या छांदिष्टांनी हे सारे एकत्र केले, म्हणून जावई त्याला बर्लिन पद्धत म्हणतात.

मला सर्वांत आवडले ते अमेरिकेतल्या वॉल्टर एडी ह्यांचे डोके. हे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातले शास्त्रज्ञ. प्रवाळबेटांवर हिंडताना त्यांना दिसले, की जिथे शेवाळ दिसत नाही तिथेही ते भराभर वाढतच असते. फक्त वाढते त्याच वेगाने कोणी ना कोणी ते खाऊन टाकते. म्हणजे शेवाळ नसलेला समुद्र असा नसतोच, खाणारी तोंडे असलेला समुद्र असतो. मग 1980 मध्ये संग्रहालयात त्यांनी पोवळ्यांची टाकी मांडली, तिच्या शेजारी एक उथळ तबक ठेवले, त्यावर प्रखर दिवा लावला, लाटा सोडल्या, आणि तिथे मुद्दाम शेवाळ वाढवले. तबकातले शेवाळ पाण्यातले सारे खत खाई आणि ते आठवड्याला खरवडून टाकले की खतही गेले. टाकीतल्या शेवाळाला मग खायला काय उरणार? सासूशी पटत नसलेल्या सुनेला वेगळे बिऱ्हाड करून द्यावे, तसे हे. 1987 मध्ये ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलला जे प्रचंड प्रवाळ-मत्स्यालय उघडले त्यातही सुरुवातीला ही तबके बसवली होती.

इथवर मी ही गोष्ट एका छंदाची म्हणून वाचत होते. पण वाचनालयातल्या बाईंनी शेवटी जे दिले ते टाकीबद्दल नव्हते. ते कॅरिबियन समुद्राबद्दल होते, आणि त्या दिवशी मी ब्रश हातात घेतलाच नाही.

त्या समुद्रात एक काळा, लांब काट्यांचा जीव असे. समुद्रातले साळिंदरच म्हणा. रात्री बाहेर पडून खडकावरचे शेवाळ चरायचे, हे त्याचे काम. 1983 च्या जानेवारीत पनामाच्या किनाऱ्यावर ही साळिंदरे मरू लागल्याचे दिसले. काटे गळायचे, दोन-चार दिवसांत जीव जायचा. प्रवाहांबरोबर ती साथ पुढे सरकत गेली आणि साधारण तेरा महिन्यांत साऱ्या कॅरिबियनमध्ये पसरली. शंभरातली नव्वदांहून अधिक गेली. हॅरिलाओस लेसिओस ह्यांनी तिचा माग ठेवला.

साळिंदरे गेली म्हणून काय झाले, शेवाळ खाणारे मासे होतेच की! जमैकात ते नव्हते. पोपटमासा वगैरे चरणारे मासे तिथल्या गरीब कोळ्यांनी कित्येक वर्षांपूर्वीच धरून संपवत आणले होते. जाळ्यात, पिंजऱ्यात येतील तसे, पोटासाठी. तोवर साळिंदरांनी सगळ्यांचे काम एकट्याने ओढले होते, त्यामुळे कुणाच्या लक्षात आले नव्हते. 1980 च्या तुफानात पोवळी मोडली होती, तीही पुन्हा धरू पाहत होती. मग साळिंदर गेले, आणि मोकळ्या खडकावर शेवाळ माजले ते हटेना. टेरी ह्यूज ह्यांनी 1994 मध्ये आकडे मांडले. सत्तरीच्या अखेरीस जमैकाच्या खडकांचा निम्म्याहून थोडा जास्त भाग, शेकडा 52, जिवंत पोवळ्याने झाकलेला होता. नव्वदीच्या सुरुवातीस उरले 3. शेवाळ होते शेकडा 4, ते झाले 92.

मी ते आकडे दोनदा वाचले. वॉरिंग्टनच्या पात्रातून कुणीतरी गोगलगाई काढून घेतल्या होत्या. फक्त पात्र एका बेटाएवढे होते. आणि तिथे ब्रश घेऊन कोण बसणार? ॲरिझोनाच्या वाळवंटात 1991 मध्ये आठ माणसे दोन वर्षांसाठी एका काचेच्या इमारतीत कोंडून घेऊन राहिली होती, तिच्यात एक लहानसा समुद्र होता, पोवळ्यांसकट. ती माणसे त्या समुद्रात उतरून हातांनी शेवाळ उपटीत. एका इमारतीपुरते ते जमले.

संध्याकाळी मी जावयांना म्हटले, “घासणे पुरे झाले. गोगलगाई आणा.”

ते हसले. म्हणाले, “आई, मागवल्यात मी परवाच. पण आधी डबा माझ्या ताब्यात द्या.”

दिला. मासे दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच जेवू लागले. पहिले आठ दिवस ते काचेशी येऊन माझ्याकडे बघत आणि मी पाठ करून भाजी निवडीत बसे. नळाला एक गाळणी बसली, तिच्यातून निघणारे पाणी इतके निखळ की त्याला चवच नाही. दिव्याचे तास कमी केले. बारा गोगलगाई आल्या, भोवऱ्याच्या आकाराच्या. बरोबर एक साळिंदरही आले. निळ्या मखमलीचे पट्टे असलेले, लिंबाएवढे. पहिल्या पंधरवड्यात मला काही फरक दिसेना. नातू रोज सकाळी गोगलगाई मोजून शाळेत जाई. महिन्याने एका दगडावर नखाएवढी स्वच्छ वाट दिसली, वळत गेलेली, भिंतीवर पोराने रेघ ओढावी तशी. त्याच्या पुढच्या महिन्यात निम्मे दगड मोकळे झाले. जांभळी फांदी मात्र वाचली नाही. तिचा पांढरा सांगाडा जावयांनी काढून खिडकीत ठेवला, तो येताना मी मागून घेणार होते. मग आठवले की विमानतळावर कायदा आडवा येईल, आणि तो तिथेच राहू दिला.

मी परत आले त्याला आता चार महिने होतील. रविवारी फोनवर नातू टाकी दाखवतो. अकरा गोगलगाई सापडतात, बारावी त्याला कधीच दिसत नाही. ती रात्रपाळी करते असे मी त्याला सांगितले आहे. परवा तो फार घाईत होता. “आजी, लवकर बघ!” म्हणाला. साळिंदराने नव्या हिरव्या पोवळ्याचे एक कलम दगडावरून सोडवून पाठीवर घेतले होते, आणि ते टोपीसारखे मिरवीत काचेवरून सावकाश चालले होते.